वृद्ध श्वानांचे तात्पुरते पालकत्व

वृद्ध श्वानांचे तात्पुरते पालकत्व म्हणजे मालकाने सोडून दिलेल्या, मालकाच्या मृत्यूमुळे निराधार झालेल्या अथवा रस्त्यावरून सोडवून आणलेल्या उतारवयातील कुत्र्याला कायमस्वरूपी घर मिळेपर्यंत एखाद्या कुटुंबाने स्वतःच्या घरी सांभाळण्याची व्यवस्था होय. या काळात कुत्र्याचा निवारा, आहार, औषधोपचार आणि सवयी यांची जबाबदारी तात्पुरत्या पालकाकडे असते व त्याच वेळी त्याच्यासाठी योग्य दत्तक कुटुंबाचा शोध चालू असतो. भारतातील शहरांत ही पद्धत प्रामुख्याने प्राणिकल्याण संस्था आणि वैयक्तिक कार्यकर्ते यांच्यामार्फत चालते. लहान पिल्लांना घर मिळणे तुलनेने सोपे असते. वृद्ध कुत्र्यांच्या बाबतीत मात्र हा शोध लांबतो आणि अनेकदा तात्पुरते घर हेच त्या प्राण्याचे अखेरचे घर ठरते.

संज्ञा

इंग्रजीतील 'फॉस्टर' हा शब्द मराठी बोलण्यात जसाच्या तसा रुळला असून 'फॉस्टर होम', 'फॉस्टर करणे' असे प्रयोग प्राणिप्रेमींमध्ये सर्रास ऐकू येतात. लेखनात 'तात्पुरते पालकत्व', 'तात्पुरता सांभाळ' किंवा 'संगोपन' असे शब्द योजले जातात. दत्तक घेणे आणि तात्पुरता सांभाळ करणे यांतील मुख्य भेद हा की, दत्तक घेणारी व्यक्ती प्राण्याची कायमची पालक होते, तर तात्पुरता पालक योग्य घर मिळताच प्राणी सोपवून देण्याचे मान्य करतो. तात्पुरत्या पालकाने अखेरीस तोच कुत्रा स्वतः दत्तक घेतल्यास त्याला गमतीने 'फॉस्टर फेल्युअर' म्हटले जाते. या शब्दात अपयशाचा उल्लेख असला तरी त्यात निंदेचा भाव नसतो.

पार्श्वभूमी

भारतीय परंपरेत कुत्र्याविषयी परस्परविरोधी भावना आढळतात. एकीकडे त्याला अपवित्र मानून घराबाहेर ठेवण्याची रूढी आहे, तर दुसरीकडे दत्तात्रेयाच्या पायाशी चार श्वान दाखवले जातात आणि खंडोबाच्या उपासनेतही कुत्र्याला स्थान आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर आपल्यामागे शेवटपर्यंत चालत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो, अशी कथा आहे. आश्रयाला आलेल्याचा त्याग न करणे हा तिचा आशय असल्याने वृद्ध प्राण्यांच्या सांभाळाविषयी बोलताना तिचा वारंवार दाखला दिला जातो. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची आख्यायिकाही महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे.

संस्थात्मक पातळीवरील इतिहास एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत मुंबईतील बेवारस कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध जून १८३२ मध्ये पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल झाली. पारशी धर्मात कुत्र्याला आदराचे स्थान असल्याने या मोहिमेबद्दल तीव्र असंतोष होता. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली आणि १८८३ मध्ये परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय सुरू झाले. इंग्लंडमध्ये मेरी टीलबी यांनी १८६० मध्ये लंडन येथे हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी निवारा काढला. तो १८७१ मध्ये बॅटर्सी येथे हलवण्यात आला व आजही चालू आहे.

केवळ वृद्ध कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या संस्था मात्र अलीकडच्या आहेत. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे २००७ मध्ये स्थापन झालेली 'मटव्हिल' आणि टेनेसी राज्यात २०१२ मध्ये सुरू झालेली 'ओल्ड फ्रेंड्स सीनियर डॉग सँक्च्युअरी' ही त्यांची ठळक उदाहरणे होत. दुसऱ्या संस्थेने 'कायमचा तात्पुरता सांभाळ' ही पद्धत रूढ केली. तीत कुत्रा अखेरपर्यंत कुटुंबाकडे राहतो, पण त्याच्या वैद्यकीय खर्चाचा भार संस्था उचलते.

उतारवयाची व्याप्ती

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे हा लोकप्रिय हिशेब शास्त्रीयदृष्ट्या ढोबळ आहे. कुत्रा पहिल्या एक-दोन वर्षांत झपाट्याने प्रौढ होतो आणि नंतर त्याच्या वार्धक्याचा वेग जाती व आकारमानानुसार बदलतो. अपेक्षित आयुर्मानाच्या शेवटच्या सुमारे एक चतुर्थांश कालखंडाला पशुवैद्यक उतारवय मानतात. त्यानुसार ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड यांसारखे महाकाय कुत्रे सहाव्या-सातव्या वर्षीच वृद्ध गणले जातात. लॅब्राडोर व जर्मन शेफर्ड साधारण आठव्या वर्षाच्या आसपास, तर पॉमेरेनियनसारखे लहान जातीचे कुत्रे दहाव्या वर्षानंतर या अवस्थेत येतात. गावठी कुत्र्याला घरचे संरक्षण, लसीकरण व पुरेसे अन्न मिळाल्यास तो बारा ते पंधरा वर्षे जगू शकतो. रस्त्यावर मात्र अपघात, रोग आणि उपासमार यांमुळे थोडेच कुत्रे या वयापर्यंत पोहोचतात.

सोडवून आणलेल्या कुत्र्याचे वय बहुधा ठाऊक नसते. अशा वेळी दातांची झीज व त्यांवरील किटण, तोंडाभोवतीचे पांढरे केस, डोळ्यांतील निळसर धुरकटपणा आणि स्नायूंची घट यांवरून पशुवैद्यक अंदाज बांधतात. डोळ्यांतील हा धुरकटपणा दर वेळी मोतीबिंदूच असतो असे नाही. वयोमानानुसार भिंग घट्ट झाल्याने दिसणारा निळसर रंग दृष्टीला फारसा बाधक नसतो. मोतीबिंदूत भिंग पांढरे व अपारदर्शक होते.

निराधार होण्याची कारणे

उतारवयात कुत्रा बेघर होण्यामागे पुढील कारणे वारंवार आढळतात :

• मालकाचा मृत्यू, दीर्घ आजार किंवा वृद्धाश्रमात स्थलांतर
• नोकरीनिमित्त बदली, परदेशगमन अथवा भाड्याच्या घरात प्राण्यांना मनाई
• घरात तान्हे मूल येणे किंवा कुटुंबातील कोणाला तरी ॲलर्जी असणे
• औषधोपचाराचा वाढता खर्च आणि शुश्रूषेचा भार
• अंधत्व, बहिरेपणा, लघवीवरील नियंत्रण सुटणे अथवा चिडखोरपणा
• प्रजननासाठी वापरलेल्या मादीचा 'उपयोग' संपणे

यांपैकी पहिल्या कारणात कोणाचाही दोष नसतो. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीच्या निधनानंतर तिचा तितकाच म्हातारा कुत्रा नातेवाइकांपुढे प्रश्न म्हणून उभा राहतो आणि ज्या घरात त्याची दहा वर्षे गेली तेथून त्याला एका दिवसात बाहेर पडावे लागते. असा कुत्रा रस्त्यावर सोडल्यास तो तग धरू शकत नाही. अन्न शोधण्याची सवय त्याला नसते, हद्दीतील इतर कुत्रे त्याला टिकू देत नाहीत आणि कमी झालेल्या दृष्टी व श्रवणामुळे वाहनांपासून बचाव करणे त्याला जमत नाही. गजबजलेल्या निवाऱ्यातही भुंकण्याचा गोंगाट, कठीण फरशी आणि संसर्ग यांचा त्रास वृद्ध कुत्र्याला अधिक होतो. तात्पुरत्या घराची गरज यातून निर्माण होते.

व्यवस्थेचे स्वरूप

तात्पुरते पालकत्व संस्थेमार्फत किंवा दोन व्यक्तींमध्ये थेट ठरवता येते. दोन्ही प्रकारांत काही बाबी आधीच लेखी ठरवणे हितावह मानले जाते : सांभाळाचा अंदाजे कालावधी, अन्न व औषधांचा खर्च कोणी करायचा, आणीबाणीत कोणत्या पशुवैद्यकाकडे न्यायचे, शस्त्रक्रियेचा किंवा दयामरणाचा निर्णय कोणी घ्यायचा, दत्तक कुटुंबाची निवड कोणी करायची आणि सांभाळणे अशक्य झाल्यास किती दिवसांची पूर्वसूचना द्यायची. वृद्ध कुत्र्याच्या बाबतीत निर्णयाधिकाराची बाब विशेष महत्त्वाची असते, कारण असा प्रसंग अचानक आणि रात्री-अपरात्री उद्भवू शकतो.

कुत्रा घरी आणण्यापूर्वी पशुवैद्यकीय तपासणी, रेबीज प्रतिबंधक लस, जंतनाशक आणि गोचीड-पिसवांवरील उपचार केले जातात. घरात आधीपासून कुत्रा असल्यास नव्या कुत्र्याला दहा ते चौदा दिवस स्वतंत्र खोलीत ठेवण्याची प्रथा आहे. त्यानंतर दोघांची ओळख घराबाहेरील तटस्थ जागी, पट्टा बांधून करून दिली जाते. आधीच्या मालकाकडून लसीकरणाची वही, चालू औषधांची नावे, आहाराची सवय, हाकेचे नाव आणि भीती वाटणाऱ्या गोष्टी यांची माहिती मिळाल्यास संगोपन बरेच सुकर होते. जुने अंथरूण किंवा मालकाचे वापरलेले वस्त्र सोबत आणले तर ओळखीच्या वासामुळे कुत्रा लवकर स्थिरावतो.

घरातील संगोपन

रुळण्याचा काळ

नव्या घरातील रुळण्याचे टप्पे 'तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने' या ढोबळ सूत्राने सांगितले जातात. पहिल्या तीन दिवसांत कुत्रा बावरलेला असतो. तो न खाणे, कोपऱ्यात बसून राहणे किंवा दाराशी वाट पाहणे संभवते. तीन आठवड्यांत त्याला घराची दिनचर्या समजू लागते आणि सुमारे तीन महिन्यांत तो घराला आपले मानू लागतो. वृद्ध कुत्र्यास याहून अधिक वेळ लागू शकतो. मालकाच्या वियोगाने कुत्र्याची भूक मंदावते. तथापि दोन दिवसांहून अधिक काळ अन्नत्याग झाल्यास त्याला केवळ दुःख न समजता वैद्यकीय तपासणी करणे आवश्यक असते.

जागा

गुळगुळीत फरशीवर वृद्ध कुत्र्याचे मागचे पाय घसरतात. म्हणून त्याच्या नेहमीच्या वाटेवर सतरंजी, पोती किंवा रबरी पायपुसणी अंथरली जातात. जाड, सपाट आणि धुता येण्याजोगी गादी असल्यास कोपरांवर घट्टे व जखमा होत नाहीत. जिन्याला आडोसा करणे, अन्न-पाण्याची भांडी थोडी उंचावर ठेवणे आणि अंध कुत्र्यासाठी सामानाची जागा न बदलणे हे साधे उपाय परिणामकारक ठरतात. बहिऱ्या कुत्र्याला झोपेत अचानक स्पर्श केल्यास तो दचकून चावू शकतो. त्याला जमिनीवर हलके थोपटून किंवा हाताचा वास देऊन जागे करावे लागते.

आहार व हालचाल

कमी झालेल्या हालचालीमुळे वृद्ध कुत्र्याचे वजन वाढते आणि वाढलेल्या वजनाचा भार दुखऱ्या सांध्यांवर पडतो. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास आहार पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवला जातो. अन्यथा दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे, पचायला हलके व पुरेशी प्रथिने असलेले अन्न दिले जाते. भाकरी किंवा पोळी दुधात कुस्करून देण्याची पद्धत घराघरांत असली तरी तेवढ्यावर कुत्र्याचे पोषण होत नाही. शिवाय अनेक प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही. उकडलेले अंडे, हाडे काढलेले शिजवलेले मांस आणि मऊ भात यांचा उपयोग केला जातो. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉलयुक्त पदार्थ कुत्र्याला विषारी ठरतात. शिजवलेली हाडे तुकडे होऊन आतड्यात रुततात. दात दुखत असतील तर कुत्रा भुकेला असूनही खात नाही, ही बाब अनेकदा नजरेतून सुटते.

व्यायाम पूर्णपणे बंद केल्यास स्नायू झडतात. त्यामुळे एकाच लांब फेरीऐवजी दिवसातून तीन-चार छोट्या फेऱ्या योग्य समजल्या जातात. चालण्याचा वेग कुत्र्याने ठरवायचा असतो. वाटेत थांबून वास घेणे हाही त्याच्या मनाचा व्यायामच असतो.

आरोग्य

वृद्ध कुत्र्यांत सांध्यांचा दाह, दंतरोग, मूत्रपिंड व यकृताचे विकार, हृदयाच्या झडपांचे दोष, मधुमेह, थायरॉइडची न्यूनता आणि गाठी हे विकार अधिक आढळतात. निर्बीजीकरण न झालेल्या मादीत स्तनांच्या गाठी आणि गर्भाशयात पू होणे यांचा धोका असतो. दुसरा विकार प्राणघातक ठरू शकतो. अति तहान, सुस्ती, उलट्या आणि योनिमार्गातून स्राव ही त्याची लक्षणे होत. भारतात गोचिडांमुळे पसरणारा एर्लिकिओसिस हा ताप सर्व वयांच्या कुत्र्यांत दिसतो. नाकातून रक्त येणे, फिकट हिरड्या व अशक्तपणा ही त्याची खूण असू शकते.

मतिमांद्य हा उतारवयातील आणखी एक विकार होय. त्यात कुत्रा ओळखीच्या घरात वाट चुकतो, भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, रात्री येरझाऱ्या घालतो आणि दिवसा झोपतो. ठरावीक वेळापत्रक, रात्रीचा मंद दिवा आणि औषधे यांनी त्रास कमी होतो. विकार मात्र पूर्ण बरा होत नाही.

तात्पुरत्या पालकाने रोजची नोंदवही ठेवणे उपयुक्त ठरते. खाल्लेले अन्न, प्यायलेले पाणी, लघवी व शौच, चालण्यातील बदल आणि झोपेतील श्वासांची संख्या यांची नोंद केल्यास आजार लवकर लक्षात येतो. शांत झोपेत मिनिटाला तीसपेक्षा अधिक श्वास सातत्याने आढळल्यास हृदय किंवा फुप्फुसांची तपासणी आवश्यक मानतात. कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. म्हणजेच हाताला गरम लागणारा प्रत्येक कुत्रा तापलेला नसतो. माणसांची वेदनाशामके कुत्र्याला देणे धोक्याचे आहे; आयब्रुफेन व डायक्लोफिनॅकमुळे जठरात व्रण आणि मूत्रपिंडाला इजा होते, तर पॅरासिटामॉलचा यकृतावर व रक्तावर परिणाम होतो.

कुत्र्याने चावा घेतल्यास, तो लसीकरण झालेला असला तरी, जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो.

कायमस्वरूपी घराचा शोध

दत्तक कुटुंब शोधण्यासाठी समाजमाध्यमे, पशुवैद्यकीय दवाखाने, दत्तक मेळावे आणि परिचितांचे वर्तुळ यांचा उपयोग होतो. वृद्ध कुत्र्याच्या आवाहनात वय व आजार लपवणे अपायकारक ठरते, कारण सत्य समजताच कुत्रा परत येण्याची शक्यता वाढते. प्रत्येक स्थलांतरातून त्याचा गोंधळ वाढत जातो. म्हणून आवाहनात वय, चालू औषधे, मासिक खर्चाचा अंदाज आणि मर्यादा यांबरोबरच त्याचे गुणही नेमके नोंदवले जातात : तो शौचाची सवय लागलेला आहे, सामान कुरतडत नाही, लहान मुलांशी सौम्य आहे, एकटा राहू शकतो. अशा गुणांमुळे निवृत्त दांपत्ये, एकटे राहणारे प्रौढ आणि धावपळ न झेपणारी कुटुंबे यांना वृद्ध कुत्रा सोयीचा वाटतो.

इच्छुक कुटुंबाची निवड करताना घराला भेट, घरातील सर्वांची संमती, भाड्याचे घर असल्यास घरमालकाची परवानगी आणि पालकाच्या अनुपस्थितीत सांभाळणारी व्यक्ती यांची चौकशी केली जाते. दत्तक घेणारे स्वतः ज्येष्ठ असल्यास कुत्रा मागे राहिल्यास त्याची जबाबदारी कोण घेईल, हेही विचारले जाते. शुद्ध जातीचा निर्बीजीकरण न झालेला कुत्रा प्रजननासाठी नेला जाण्याचा धोका असतो. त्यामुळे आरोग्य अनुमती देत असल्यास आधी शस्त्रक्रिया करून मगच तो सोपवला जातो. सुरुवातीला दोन आठवड्यांचा चाचणी काळ ठेवून नंतर दत्तकपत्र केले जाते. कुत्रा सांभाळणे अशक्य झाल्यास तो इतरत्र न देता मूळ पालकाकडेच परत करावा, हे कलम त्यात सामान्यतः असते.

निरोपाच्या वेळी तात्पुरत्या पालकाला होणारे दुःख हा या कार्यातील स्वीकारलेला भाग आहे. अनुभवी कार्यकर्ते हस्तांतरण घाईने न करता दोन-तीन भेटींत करण्याचा सल्ला देतात.

आयुष्याची अखेर

काही कुत्र्यांना घर मिळण्याआधीच असाध्य आजाराचे निदान होते. अशा वेळी नव्या घराचा शोध थांबवून आहे तेथेच त्याला शांतपणे राहू देणे योग्य मानले जाते. उपचाराचा हेतू तेव्हा रोग बरा करणे हा न राहता वेदना कमी करणे हा होतो. प्राण्याच्या जगण्याचा दर्जा तपासण्यासाठी पशुवैद्यक ॲलिस व्हिलालोबोस यांनी मांडलेली मापनपद्धती जगभर वापरली जाते. तिच्यात वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत काय, या सात बाबींना गुण दिले जातात. दयामरणाचा निर्णय नोंदणीकृत पशुवैद्यकच अमलात आणू शकतो. भुलीच्या औषधाच्या अतिमात्रेने ते वेदनारहित रीतीने केले जाते. नैसर्गिक मृत्यूची वाट पाहावी की दयामरण द्यावे, याबाबत भारतीय कुटुंबांत धार्मिक व भावनिक कारणांनी मतभिन्नता आढळते.

कायदेशीर बाजू

भारतीय राज्यघटनेच्या कलम ५१-अ (छ) नुसार सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम हा या विषयावरील मूळ कायदा होय. त्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सोडून देणे हे अपराध आहेत. मात्र पहिल्या अपराधासाठी दंड १० ते ५० रुपये इतकाच असल्याने कायद्याचा धाक राहत नाही, अशी टीका दीर्घकाळ होत आहे. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३२५ अन्वये प्राण्याला ठार मारणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे.

भटक्या कुत्र्यांसाठी २००१ मध्ये प्राणी जन्मनियंत्रण नियम करण्यात आले. त्यांची जागा मार्च २०२३ मध्ये नव्या नियमांनी घेतली. त्यांनुसार कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडणे ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांविषयी दिलेल्या आदेशात, इच्छुक प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून कुत्रे दत्तक घेता येतील आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर राहील, असे नमूद केले. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना सरसकट कुत्रे पाळण्यास बंदी घालता येत नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

मुंबईत परळच्या पशुरुग्णालयाबरोबरच १९८५ पासून कार्यरत असलेली 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' ही संस्था आणि पुण्यात २००७ मध्ये स्थापन झालेली 'रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट' ही संस्था प्राण्यांच्या सुटका, उपचार व पुनर्वसनाचे काम करतात. विदर्भात वर्धा येथील 'पीपल फॉर ॲनिमल्स'चे करुणाश्रम हे परिचित केंद्र आहे.

वृद्ध श्वानांच्या पुनर्वसनाचे राज्यातील सर्वाधिक गाजलेले उदाहरण मुंबई पोलिसांच्या श्वानांचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी स्फोटके शोधण्याच्या कामगिरीत सहभागी झालेले सीझर, मॅक्स, टायगर आणि सुलतान हे श्वान निवृत्तीनंतर विरार येथील एका प्राणिप्रेमी कुटुंबाच्या शेतावर एकत्र राहिले. २०१६ या एकाच वर्षात चौघांचाही मृत्यू झाला. त्यांत सीझर हा अखेरचा होता. सेवेतील श्वानांनाही निवृत्तीनंतर घर शोधावे लागते, ही बाब या घटनेमुळे सर्वसामान्यांच्या लक्षात आली.

खामगाव व परिसर

खामगाव हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण कापूस व चांदीची बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ९४ हजार होती. अशा मध्यम शहरांत महानगरांसारखे संस्थांचे जाळे नसल्याने तात्पुरता सांभाळ बहुधा अनौपचारिक असतो. गल्लीतील कुत्र्याला तीन-चार घरांतून आळीपाळीने अन्न मिळते आणि तो म्हातारा झाला की एखाद्या घराच्या ओसरीवर किंवा दुकानाच्या पायरीशी त्याची जागा ठरून जाते. कोणीही दत्तक घेतल्याचे जाहीर करत नाही, तरी पावसाळ्यात त्याच्या अंगावर पोते कोण टाकतो हे गल्लीला ठाऊक असते. या पद्धतीचा कमकुवत भाग म्हणजे औषधोपचार; आजारी कुत्र्याला दवाखान्यात नेण्याची निश्चित जबाबदारी कोणाचीच नसते.

शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांत मुख्यत्वे गाई, म्हशी, बैल व शेळ्यांवर उपचार होत असले तरी कुत्र्यांची तपासणी व लसीकरणही केले जाते. गुंतागुंतीच्या निदानासाठी सुमारे ५० किलोमीटरवरील अकोला येथील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जवळ पडते. ही संस्था नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. दत्तक कुटुंब पुण्या-मुंबईत मिळाल्यास रेल्वेप्रवासाचा विचार होतो. मुंबई-हावडा मार्गावरील शेगाव व अकोला ही स्थानके यासाठी सोयीची आहेत. कुत्र्याला प्रथम श्रेणीच्या राखीव कूपेमध्ये पालकासोबत किंवा गार्डच्या डब्यातील पेटीत नेता येते. वृद्ध कुत्र्यासाठी दुसरा पर्याय, विशेषतः उन्हाळ्यात, जोखमीचा असतो.

वऱ्हाडातील उन्हाळा हा या भागातील संगोपनाचा कसोटीचा काळ असतो. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाते. कुत्र्याला माणसाप्रमाणे सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. हृदयविकार असलेले, लठ्ठ आणि पगसारखे चपट्या नाकाचे वृद्ध कुत्रे उष्माघाताला लवकर बळी पडतात. पत्र्याच्या छपराखाली किंवा गच्चीवर कुत्रा बांधणे टाळून त्याला तळमजल्यावरील हवेशीर खोलीत ठेवले जाते, मातीच्या पसरट भांड्यात पाणी भरले जाते आणि फेरी सूर्योदयापूर्वी वा रात्री काढली जाते. कूलरचा गारवा कुत्र्याला मानवतो. मात्र लोखंडी कूलरमध्ये वीजप्रवाह उतरण्याच्या दुर्घटना होत असल्याने त्याचे अर्थिंग तपासणे आणि कुत्रा पाण्याच्या टाकीला तोंड लावणार नाही अशी आडकाठी करणे आवश्यक असते. उष्माघाताची शंका आल्यास बर्फाऐवजी साध्या पाण्याने अंग भिजवून, वारा घालत तातडीने पशुवैद्यकाकडे नेले जाते.

मर्यादा व आक्षेप

तात्पुरत्या पालकत्वावर काही आक्षेप घेतले जातात. माणसांच्या मूलभूत गरजा अपुऱ्या असताना म्हाताऱ्या कुत्र्यावर खर्च का करावा, हा त्यांतील सर्वांत जुना होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील रेबीजमृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात. त्यामुळे कुत्र्यांविषयीची नागरिकांची भीती निराधार म्हणता येत नाही. यावर समर्थकांचे म्हणणे असे की, लसीकरण झालेला व घरात ठेवलेला कुत्रा रेबीजचा धोका वाढवत नाही, उलट पाळीव कुत्रे रस्त्यावर सोडल्यानेच भटक्या कुत्र्यांच्या संख्येत भर पडते.

दुसरा आक्षेप या पद्धतीच्या अंतर्गत दोषाविषयी आहे. तात्पुरता पालक सहज मिळतो असे दिसल्यास मूळ मालक जबाबदारी झटकण्यास प्रवृत्त होतात. काही कार्यकर्ते क्षमतेपेक्षा अधिक प्राणी स्वीकारतात व त्यांच्या घराचे अस्वच्छ निवाऱ्यात रूपांतर होते. आणि मुदत न ठरवल्यास 'तात्पुरते' हा शब्द अर्थहीन होतो : घर शोधणारा शोध सोडून देतो, सांभाळणारा थकतो आणि कुत्रा कोणाचाच राहत नाही. त्यामुळे ठरावीक मुदतीनंतर परिस्थितीचा फेरविचार करून, घर मिळण्याची शक्यता नसल्यास तात्पुरत्या पालकत्वाचे कायमस्वरूपी पालकत्वात रीतसर रूपांतर करावे, असे मत मांडले जाते. मालकाने स्वतःच्या हयातीत कुत्र्याची पुढील जबाबदारी कोणावर राहील हे लिहून ठेवणे आणि त्या व्यक्तीशी कुत्र्याचा परिचय करून देणे, हा निराधार होण्याचा प्रसंगच टाळणारा उपाय मानला जातो.

हे सुद्धा पहा

• कुत्रा
• रेबीज
• पशुवैद्यकशास्त्र
• भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ
• खामगाव